बावन्न सालचा बिल्ला

मार्लिस ऑपडालच्या जन्मापायी तिच्या आईचा एक बिल्ला हुकला, ही गोष्ट त्या घरात दर जुलैला एकदा तरी सांगितली जायची. मिनियापोलिसचा जलोत्सव, म्हणजे आमचं ॲक्वाटेनियल, सुरू झाल्यापासून त्या त्या सालचा बिल्ला आईच्या छातीवर लागला नाही असं कधी झालं नव्हतं. बावन्न साली मात्र मिरवणूक निघाली त्या संध्याकाळी आई इस्पितळात बाळंतिणीच्या खोलीत होती, आणि बाबा असे भांबावले होते की बिल्ला राहू दे, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून हिंडत होते. "बिल्ल्याच्या जागी तू मिळालीस," आई म्हणायची. हसून म्हणायची, पण मार्लिसला ते कुठंतरी टोचायचं. आपण आलो आणि आईच्या फळ्यावर एक जागा रिकामी राहिली, असं तिनं लहानपणीच मनाला लावून घेतलं होतं.

आईच्या माघारी तो फळा मार्लिसकडे आला. निळ्या मखमलीचा, तिच्या नवऱ्यानं, व्हर्लिननं, नवी चौकट ठोकून दिलेला. शिडाच्या होड्या, मासे, मुकुट घातलेल्या तळ्याच्या राण्या, सगळे बिल्ले सालवार ओळीनं टोचलेले, आणि दुसऱ्या ओळीच्या टोकाला एक मोकळी जागा. मार्लिसनं त्या जागेसाठी चर्चचे बाजार पालथे घातले, अंगणात मांडलेल्या परक्या लोकांच्या जुन्या सामानात हात घातले. बिल्ला पत्र्याचाच, पण सत्तरी आली तरी मिळाला नाही.

आणि मिळाला तो कुठं, तर शेजारच्या घरी.

शेजारची लॉरेन मार्चमध्ये गेली. चाळीस-एक वर्षांचा शेजार. लग्न होऊन न्यू जर्सीहून इथं आलेली, मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी बाई. घर आवरायला तिचा भाचा आला, कार्माइन डेफाल्को. पन्नाशीचा, गळ्यात सोन्याची साखळी, आणि आवाज असा की तो फोनवर बोलायला लागला की मार्लिसच्या अंगणातल्या खारी झाडावर चढायच्या. जुलैच्या सुरुवातीला त्यानं मावशीचं सामान गॅरेजसमोर विकायला मांडलं आणि मार्लिस, शेजारधर्म म्हणून, पहिल्यांदा बघायला गेली.

कार्माइन एका टेबलाशी बसून बारीकसारीक वस्तू निवडत होता. त्यानं अंगठीची एक मखमली डबी उघडली आणि म्हणाला, "हे बघा, आणि मला वाटलं हिरा निघतोय!"

आत बावन्न सालचा बिल्ला होता. निळ्या लाटेवर पांढरं शीड, खाली लाल आकडे. मार्लिसनं टेबलाची कड धरली.

कार्माइनला माणसाचा चेहरा वाचता येत होता. त्यानं डबी पुढं केली. "हवाय तुम्हाला? घ्या की!"

"छे छे," मार्लिस म्हणाली. "तुमच्या मावशीची आठवण आहे ती."

"अहो, माझ्याकडे मावशीची भांडीच एवढी आहेत. घ्या, घेऊन टाका."

"नको हो, उगाच कशाला."

"बरं," कार्माइन म्हणाला आणि डबी मिटून खिशात टाकली.

आता हे काय झालं ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळेल. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा "छे छे" म्हणायचं, दुसऱ्यांदा "उगाच कशाला", आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" असं पुटपुटून हात पुढं करायचा. पहिल्याच फटक्यात घेणारा तो हावरट. आणि दोनदाच विचारून थांबणारा? असा माणूस आमच्याकडे निपजतच नाही, म्हणून त्याला काही नावही नाही. मार्लिसचं "तुम्ही एवढं म्हणताच" ओठांवर येऊन बसलं होतं. ते तसंच घेऊन ती उन्हात उभी राहिली, मग एक तडा गेलेली बशी उचलून घरी आली.

"दोनदाच?" व्हर्लिननं हातातलं काम थांबवून विचारलं. तो गॅरेजमध्ये दुधाची रिकामी खोकी चिकटपट्टीनं एकमेकांना जोडत होता. जलोत्सवात तळ्यावर दुधाच्या खोक्यांच्या होड्यांची शर्यत असते, आणि चर्चच्या होडीचं काम व्हर्लिनकडे होतं. हंस करायला घेतला होता. मान जरा आखूड झाल्यानं तो बदकाकडे झुकत चालला होता.

"दोनदा. आणि म्हणाला, बरं."

"अरे देवा." व्हर्लिननं थोडा विचार केला. "मग जा आणि माग."

मार्लिसनं त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं तिला पोहण्याच्या कपड्यांत चर्चला जायला सांगितलं होतं.

"नको तर नको," व्हर्लिन म्हणाला आणि पुन्हा हंसाच्या मानेला लागला.

मागणं शक्य नव्हतं, पण सुचवणं शक्य होतं. त्या कलेत आमचा हात कुणी धरणार नाही. मार्लिसनं कार्माइनकडे गरमागरम हॉटडिश, म्हणजे खिमा-भाजी एकत्र भाजलेलं आमचं घरगुती जेवण, नेली, वर बटाट्याचे तुकडे नीट रांगेत मांडून. निळ्या भांड्यातून नेली, म्हणजे रंगावरून तरी त्याला आठवेल. तो म्हणाला, "वा! या आत, बसा, एकत्र खाऊ." म्हणून ती लगेच निघाली, कारण तेही पहिलंच बोलावणं होतं. दुसऱ्या वेळी कुंपणावरून म्हणाली, "आमच्याकडे जुनं सामान फार जपतात हो." तो म्हणाला, "हो ना, म्हणून गॅरेजमध्ये गाडी मावत नाही तुमच्या!" आणि खो खो हसला. मार्लिसही हसली. घरात येऊन तिनं कांदा चिरायला घेतला, आणि तो लागतो त्याहून बराच जास्त चिरला गेला.

कार्माइन माणूस वाईट नव्हता. चर्चच्या होडीतला एक वल्हेकरी पाठ धरून बसला तेव्हा व्हर्लिननं फार वळणं घेऊन, हवापाण्यापासून सुरुवात करून, कुणी वल्हं मारायला मिळतं का बघतोय, असं कार्माइनच्या कानावर घातलं. "मी येतो की!" कार्माइन म्हणाला. एका दमात. व्हर्लिनची अजून दोन वाक्यं शिल्लक होती, ती त्यानं तशीच गिळली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मार्लिसनं त्याला कॉफीला बोलावलं. हा शेवटचा डाव होता, कारण शर्यत झाली की तो परत न्यू जर्सीला जाणार होता. तिनं लिंबाच्या वड्या केल्या, निळा फळा स्वयंपाकघरात आणून भिंतीला टांगला, आणि कार्माइनची खुर्ची अशी ठेवली की मोकळी जागा सरळ त्याच्या नाकासमोर यावी. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण दारावर थाप पडली आणि मार्लिसचं अवसान गेलं. हे तर मागणंच झालं, असं तिला वाटलं. हे तर भिंतीवर लिहून मागणं झालं. तिनं हातातला भांडी पुसायचा टॉवेल पटकन फळ्याच्या त्या टोकाला अडकवला आणि दार उघडलं.

"अरे वा वा वा!" कार्माइन फळ्यासमोर उभा राहिला. "सगळेच्या सगळे?"

"बहुतेक," मार्लिस म्हणाली. तिच्या मापानं ही आरोळी होती.

"आता कळलं! मी म्हणतोय, बिल्ले जमवणारी बाई, आणि मावशीचा बिल्ला नको कसा म्हणाली. तुमच्याकडे आहेच ना तो!" त्यानं एक वडी तोंडात टाकली. "मग माझं ठरलं. मावशीनं तो अंगठीच्या डबीत ठेवला होता, म्हणजे जीव असणार तिचा त्याच्यावर. उद्या शर्यतीला टोपीवर लावतो आणि तळ्याच्या मधोमध गेलो की तिच्या नावानं पाण्यात सोडतो. तिला हा उत्सव फार आवडायचा. कशी आहे कल्पना?"

व्हर्लिनला कॉफीचा ठसका लागला.

मार्लिसनं बशी सरळ केली. चमचा सरळ केला. "छान कल्पना आहे," ती म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी नोकोमिस तळ्याच्या काठाला मुंगी शिरायला जागा नव्हती. चटया, छत्र्या, मुलांच्या नाकांवर पांढरं मलम, आणि पाण्यात दुधाच्या खोक्यांचे राजवाडे, गायी, आगबोटी, आणि व्हर्लिनचा बदकमुखी हंस. पुढच्या वल्ह्यावर पास्टर, मागच्यावर कार्माइन. त्याच्या टोपीवर तो बिल्ला उन्हात चमकत होता. होडी सुटण्याआधी मार्लिस मनाचा हिय्या करून पाण्यापर्यंत गेली. आता बोलायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

"आज हवा छान आहे," ती म्हणाली.

"झकास!" कार्माइन म्हणाला, आणि शिट्टी झाली.

हंस निघाला. सुरुवातीला बरा चालला. अर्ध्या वाटेवर त्याची शेपटी भिजायला लागली, पण पास्टरनं नेट धरला होता. मार्लिस घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून बघत होती. तिला वाटत होतं, कदाचित तो विसरेल. कदाचित टोपीच उडेल आणि काठाला लागेल. मग तळ्याच्या मध्यावर कार्माइननं वल्हं आडवं ठेवलं, टोपी काढली, बिल्ला सोडवून हातात घेतला आणि आभाळाकडे बघून छातीवर क्रूस केला.

त्या क्षणी मार्लिसला आई दिसली नाही, देव दिसला नाही, काही नाही. फक्त तो हात दिसला. आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की तो आपलाच आहे हे तिलाही उशिरा कळलं.

"मला हवाय!"

काठावरच्या गप्पा थांबल्या. आमच्याकडे असं वाक्य उघड्यावर सहसा ऐकू येत नाही.

कार्माइननं कानाला हात लावला. "काय?"

"हवाय मला!"

शर्यतीचं वर्णन करणारा गृहस्थ कर्णा घेऊन लाकडी माचावर बसला होता. मदतीचा स्वभाव, करणार काय. "मंडळी," त्याचा आवाज सगळ्या तळ्यावर घुमला, "काठावर एका बाईंना काहीतरी हवंय. काय हवंय ते अजून कळलेलं नाही."

मार्लिसचे कान तापले. शेकडो माना वळल्या होत्या, त्यांत चर्चमधल्या ओळखीच्या बऱ्याच. एरवी ती तिथल्या तिथे विरघळली असती. पण विरघळायला वेळ नव्हता, कार्माइनचा हात अजून वरच होता. ती गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरली, तोंडाभोवती हात धरले आणि पोटातून ओरडली.

"बिल्ला! तो बिल्ला मला हवाय! पहिल्यापासून हवा होता!"

कार्माइन होडीत ताडकन उभा राहिला. "मग नको का म्हणालात?"

"तुम्ही दोनदाच विचारलंत!"

मग काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळहळ पसरत गेली. "दोनदाच?" "अरे अरे." "बिचारी." एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. पास्टरनंही मान हलवली, आणि नेमकी त्याच वेळी, उभ्या राहिलेल्या कार्माइनच्या वजनानं, हंस कुशीवर वळला आणि दोघांना पोटात घेऊन आडवा झाला.

मार्लिसनं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा दुधाची खोकी चहूकडे पांगली होती, पास्टर एका खोक्याला बिलगले होते, आणि पाण्यातून एक मूठ वर आली होती. नुसती मूठ. तिच्याखालून मागाहून कार्माइन वर आला, तोंडातून पाणी उडवत, आणि एका हातानं पोहत काठाकडे निघाला. दुसरा हात त्यानं शेवटपर्यंत खाली आणला नाही.

तो निथळत मार्लिससमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं मूठ उघडली.

आणि मार्लिसच्या जिभेला जन्माची सवय! "अहो, पण तुमच्या मावशीची..." तिनं सुरू केलंच.

"घेतेय ती," व्हर्लिन म्हणाला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं बोलणं मधे तोडलं होतं.

मार्लिसनं बिल्ला घेतला. ओला, गार, कडेला एक पोचा. तिनं तो ब्लाउजवर लावला तेव्हा पिन एकदा टोचली. आनंद झाला होता. इतका, की तो कुठं ठेवावा ते तिला कळेना.

व्हर्लिननं कार्माइनच्या खांद्यांवर मोठा टॉवेल टाकला. कार्माइन वाळूत बसून हसायला लागला. "मावशीला हे बघायला हवं होतं! ती फोनवर नेहमी म्हणायची, माझी शेजारीण लाखात एक आहे, पण तिला कधी काही नकोच असतं. म्हणायची, एकदा तिच्यासाठी खास काहीतरी शोधून आणलं, डबीत घालून कुंपणापाशी घेऊन गेले, तर तिनं बघितलंसुद्धा नाही."

"डबीत?" मार्लिसनं विचारलं.

कार्माइनचं हसू थांबलं. दोघांनीही तिच्या ब्लाउजवरच्या बिल्ल्याकडे बघितलं.

तिला आठवलं. कुठल्याशा जुलैत लॉरेन कुंपणापाशी आली होती. मूठ बंद, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. तुझ्यासाठी एक गंमत आहे, हवी का? आणि मार्लिस म्हणाली होती, छे छे. लॉरेन जरा थांबली होती. मग बरं म्हणून घरात गेली होती.

"मला वाटलं टोमॅटो असेल," मार्लिस म्हणाली. "त्या वर्षी सगळ्यांकडेच टोमॅटो फार आले होते."

तिला रडू आलं. आमच्याकडे चारचौघांत रडत नाहीत, पण आज चारचौघांत बरंच काही होऊन गेलं होतं. इतकी वर्षं लॉरेन तिच्या शेजारी राहिली होती, तिच्यासाठी एक बिल्ला डबीत घालून, आणि तिला काही नको असतं असं समजून. मार्लिस उठली आणि तळ्याकडे तोंड करून, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात म्हणाली, "लॉरेन, हवा होता गं मला. फार हवा होता."

कार्माइननं टॉवेलमध्ये नाक शिंकरलं, तेही मोठ्यानं. मग तिघांनी मिळून पास्टरना पाण्याबाहेर काढलं.

घरी जाताना गाडी व्हर्लिन चालवत होता, त्याच्या पद्धतीनं, म्हणजे मागच्या सगळ्यांना पुढं जाऊ देत. मार्लिसच्या चपलांत वाळू होती आणि छातीवर बिल्ला. मग त्यानं घसा साफ केला.

"मार्लिस."

"हं."

"हिवाळ्यात आपण ती टपरी ओढत नेऊन गोठलेल्या तळ्यावर उभी करतो. बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतो. दर शनिवारी."

"हो."

"लग्न झाल्यापासून." त्याला पुढं कसं विचारावं ते कळेना. "तुला ते आवडतं ना?"

काल कुणी विचारलं असतं तर मार्लिस "वाईट नसतं" म्हणाली असती, आणि विषय पुढच्या हिवाळ्यापर्यंत मिटला असता. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही आवडलं नाही. पाय बधिर होतात. बादलीवर बसून कंबर धरते. आणि मासा आला की मला त्याच्याकडे बघवत नाही, व्हर्लिन."

व्हर्लिननं गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. दोन्ही हात चाकावर ठेवून तो समोर बघत राहिला. आज जरा जास्तच बोललो आपण, असं तिला वाटलं. मग तिला दिसलं की त्याचे खांदे हलताहेत. तो हसत होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

"मी तुझ्यासाठी नेत होतो गं," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी तू म्हणालीस, किती शांत आहे इथं. मला वाटलं, हिला आवडलं. मला तर माशाचा वाससुद्धा सोसत नाही."

"तू घरी येऊन दोनदा अंघोळ करायचास."

"मग कशासाठी करत होतो?"

मागून येणारी एक गाडी काळजीनं थांबली, आतल्या माणसानं काच खाली करून काही हवं का विचारलं, आणि या गाडीत दोन म्हातारी माणसं एकमेकांना धरून हसताहेत हे बघून पुढं निघून गेली.

व्हर्लिननं डोळे पुसले, गाडी सुरू केली. "मग," तो म्हणाला, "टपरी विकायची का?"

"आजच," मार्लिस म्हणाली.